दाढीचा फेस आणि चेहऱ्याचा कोरडेपणा

थंडी सुरू झाली की दाढीनंतर चेहरा ओढल्यासारखा होणे, आग होणे, गालावर पांढरट कोंडा दिसणे अशा तक्रारी वाढतात. मग साबण बदलला जातो, महागडे क्रीम आणले जाते. पण त्रास तसाच राहतो. कारण पुष्कळदा दोष साबणाचा नसून फेस करण्याच्या पद्धतीचा असतो.

कोरडेपणा का येतो?

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू ५ च्या आसपास असतो. दाढीचा साबण अल्कधर्मी असून त्याचा सामू साधारणतः ९ ते १० असतो. साबणाने त्वचेवरील स्निग्धांश धुतला जातो व ओलावा लवकर उडून जातो. साबण जितका दाट आणि जितका जास्त वेळ चेहऱ्यावर राहील, तितका हा परिणाम अधिक.

घाईत आपण ब्रश जेमतेम ओला करतो, साबणावर घासतो आणि गालावर फिरवतो. हा फेस दिसायला भरपूर, पण त्यात पाणी कमी असते. तो लगेच वाळतो, पाते अडखळते, आपण जोर देतो व एकाच जागी तीन-चार वेळा पाते फिरवतो. त्यामुळे त्वचेचा वरचा थर खरवडला जातो.

योग्य पद्धत

१. आधी कोमट पाण्याने चेहरा दोन-तीन मिनिटे ओला ठेवावा. केस पाणी शोषून मऊ होतात. आंघोळीनंतर दाढी करणे सर्वांत सोयीचे.

२. ब्रश कोमट पाण्यात भिजवून हलकेच झटकावा व अर्धा मिनिट साबणावर फिरवावा.

३. त्वचा कोरडी असल्यास फेस वाटीत करावा. चेहऱ्यावर ब्रशचे घर्षण कमी होते. थेंबथेंब पाणी घालत फेस घोटलेल्या दह्यासारखा ओला व चकचकीत झाला पाहिजे. मोठे बुडबुडे आले तर पाणी जास्त झाले. कापसासारखा कोरडा दिसला तर कमी पडले.

४. फेस वाळू लागला तर पुन्हा ब्रश फिरवावा. वाळलेल्या फेसावर पाते चालवू नये.

५. पाते केसांच्या दिशेने, जोर न देता फिरवावे.

जड पाणी

विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो. फेस येत नाही म्हणून आपण साबण वाढवतो आणि साका त्वचेवर राहतो. दाढीपुरते तांब्याभर पाणी उकळून, निवळून घेतल्यास जडपणा काही अंशी कमी होतो.

दाढीनंतर

साबण पूर्ण धुवावा, चेहरा टॉवेलने टिपावा, घासू नये. त्वचा ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन किंवा मॉइश्चरायझर अगदी थोडे लावावे. मुरुमे येत असतील तर चेहऱ्याला तेल चोळू नये. तुरटी व अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह त्वचा आणखी कोरडी करतात. कापलेल्या जागेपुरती तुरटी लावून ती धुऊन टाकावी.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, नाकाच्या कडेला व भुवयांत खपल्या धरल्या, गोल चट्टे आले किंवा पू झाला, तर तो साधा कोरडेपणा नसावा. अशा वेळी औषधाच्या दुकानातून कोणतीही ट्यूब मनाने आणू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने आधी बरे वाटते, पण नायटा पसरतो आणि चेहऱ्याची त्वचा पातळ होते. वेळीच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.