वर्ग सुटू देऊ नका

निगडी,
रविवार

चि. मनूस,


निकालाच्या दिवशी फोनवर तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. ताईला बोलता बोलता भरून आलं, दाजी पेढे आणायला निघाले होते आणि मागे तुझ्या मैत्रिणींचा गलका चालला होता. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय. मार्कांबद्दल शाबासकी आहेच. पण मला बोलायचंय ते निरोप समारंभाच्या दिवशी सगळ्या वर्गाने सह्या केलेल्या तुझ्या त्या शर्टाबद्दल.

ताईने त्याचा फोटो पाठवला होता. मी तो मोठा करून एकेक नाव वाचलं. पाठीवर मोठ्या अक्षरात ‘दहावी ब’, खाली शाळेचं नाव आणि भोवती निळ्या, लाल, हिरव्या पेनांनी लिहिलेली नावं. काही आडनावं इथलीच, मावळातली, खेडकडची. बाकीची लातूर, वाशीम, जळगाव, सोलापूरकडची. दोघांनी सही हिंदीत केलीय. खिशाजवळ कुणीतरी बारीक अक्षरात ‘विसरू नकोस गं’ लिहिलंय. तो शर्ट तू कपाटात जपून ठेवलास, हे मला फार आवडलं. शाळेबद्दल असं आतून काही वाटणारी मुलं पुढेही माणसं धरून राहतात, असा माझा अनुभव आहे. पण ती माया नुसती कपाटात राहू नये, म्हणून हे पत्र.

आपला हा पट्टा कसा वाढला, हे तुला थोडंफार ठाऊक आहे. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर शेड उभ्या राहायला लागल्या. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आली, बजाज आली. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. हे पुस्तकात मिळेल. पुस्तकात सहसा मिळत नाही ते असं, की इथे आलेला माणूस बहुतेक वेळा कुणाचं तरी बोट धरून आला. गावातला एकजण कंपनीत लागला की तो चुलतभावाला बोलवायचा, मग मेहुण्याला, मग शेजाऱ्याच्या पोराला. एका खोलीत पाच-सहा जण राहायचे. फर्स्ट शिफ्टवाला उठून गेला की थर्ड शिफ्टवाला त्याच अंथरुणावर आडवा व्हायचा. कुठे भरती निघालीय, कोणत्या गेटवर कधी उभं राहायचं, खानावळवाला उधार देतो का, हे सगळं गाववाल्यांकडून कळायचं. मीही असाच आलो. आजोबांच्या गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, अ‍ॅप्रेंटिसचा फॉर्म भरून दिला आणि मुलाखतीला स्वतःचे बूट घालायला दिले. त्यांचं माझ्याशी रक्ताचं नातं नव्हतं.

तुमच्या वर्गातली बरीचशी मुलं इथेच जन्मली. गाव त्यांना दिवाळीत आणि जत्रेला दोन-चार दिवस दिसतं. गावाकडच्या माणसांनी आम्हाला जो आधार दिला, तो तुमच्या पिढीला तिथून मिळणार नाही. तो तुम्हाला ‘दहावी ब’मधूनच उभा करावा लागेल.

आता उपदेश. दहावीनंतरचे पहिले दोन-तीन महिने फार नाजूक असतात. वर्गात पहिल्या पाचात असणाऱ्यांची काळजी मला नाही. त्यांच्या घरी कुणीतरी जागरूक असतंच. शर्टावरच्या बाकी नावांकडे बघ. त्यातल्या कुणी अजून फॉर्म भरलेला नाही, कुणाकडे कागद नाहीत, हे तुम्हा मुलांनाच आधी कळतं. तुझी ती वाशीमची मैत्रीण, गणितात तुझ्यापेक्षा हुशार असलेली. तिचा जातीचा दाखला काढलेला नाही, असं ताई म्हणत होती. इथे राहून किती वर्षं झाली तरी तो दाखला मूळ गावच्या तालुक्यातून काढावा लागतो. आजोबांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या काळातला शाळेचा दाखला नाहीतर महसुली नोंद शोधावी लागते. वडिलांची खाडे करून गावाला जायची ऐपत नसते, मग ‘राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ असं होतं. मुलीच्या बाबतीत त्या ‘पुढच्या वर्षी’चा अर्थ काय होतो, हे मी तुला सांगायला नको. फीच्या नुसत्या आकड्याला घाबरूनही कुणी मागे राहू नये. 2024 पासून सरकारने 8 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ केलं आहे. तुम्ही निवडताय त्या अभ्यासक्रमाला आणि कॉलेजला ते कसं लागू होतं, कोणते दाखले लागतात, हे डिप्लोमाच्या सुविधा केंद्रात जाऊन समोरासमोर विचारा. मोबाइलवर कुणीतरी फॉरवर्ड केलंय त्यावर विसंबू नका.

मुलांचं दुखणं वेगळं आहे, आणि ते मी रोज बघतो. दहावीला कमी मार्क पडले की पोरगा वर्ष-दोन वर्षं कुठे गॅरेजवर, कुठे दुकानात घालवतो. अठरा पूर्ण झाली की ठेकेदाराकडे नाव देतो. सकाळी देहूफाट्याला नाहीतर चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहायचं, बसमध्ये बसायचं, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, जिथे पाठवतील तिथे उतरायचं. लाइनवर त्याला एकच काम मिळतं. समोर पार्ट आला की ठरलेले चार बोल्ट लावायचे, गन दाबायची, पार्ट पुढे सोडायचा. महिन्याला पगार हातात येतो, घरी बरं वाटतं, तो मोबाइल घेतो, हप्त्यावर गाडी घेतो. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात. मग दुसरा ठेकेदार, दुसरा गेटपास, पुन्हा तेच चार बोल्ट. पाच वर्षांनी त्याला विचारलं ‘तुला काय येतं?’ तर तो मान खाली घालतो. हुशार, कष्टाळू पोरं आहेत ही. त्यांच्याकडे बघून माझा जीव तुटतो. घरची अडचण खरी असते, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण दोन वर्षं कळ काढून फिटर, टर्नर, मशिनिस्ट असा एखादा ट्रेड शिकावा, हे त्यांना त्या वयात ठासून सांगणारं कुणी भेटत नाही. बापाने सांगितलं तर ते ऐकत नाहीत. बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राचं ऐकतील. मोरवाडीला महापालिकेचं आयटीआय आहे, औंधला सरकारी आहे. आयटीआयनंतर कंपनीत रीतसर अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. त्यासाठी 1961 चा कायदाच आहे. दोन वर्षांचा ट्रेड झाला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. म्हणजे आज तुमच्यापासून वेगळा झालेला मुलगा चार-पाच वर्षांनी तुमच्याच कॉलेजात येऊन बसू शकतो. हे मागच्या बाकांवरच्या मुलांना सांगा.

शिकायला लागणाऱ्या वेळाचा राग धरू नका. मी अ‍ॅप्रेंटिस लागलो तेव्हा आधी फक्त फायलिंग. व्हाइसमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा बांधायचा आणि कानशीने घासत राहायचं. तळहाताला फोड यायचे. इन्स्ट्रक्टर तुकडा उचलायचे, त्यावर गुण्या लावायचे आणि खिडकीकडे धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ दिसली की न बोलता तुकडा परत हातात. कडेला दाब जास्त पडला की कड उतरते, हे ते एकदाच सांगायचे. बाकीचं हाताने शिकायचं. ज्या दिवशी चारही बाजूंनी उजेड दिसेनासा झाला, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं. आज टूल रूममध्ये सीएनसी आहे, ड्रॉइंग स्क्रीनवर येतं. तरीही डायवर हात फिरवला की कुठे काय चुकलंय ते कळतं, ते त्या घासण्यामुळेच. टेल्कोचा पुण्याचा कारखाना 1966 मध्ये सुरू झाला आणि इथून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं 1977 मध्ये. मधली वर्षं यंत्रं, डाय आणि ती बनवणारे हात तयार करण्यात गेली. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी त्या उजाड माळावर झाडंही लावून घेतली. या पट्ट्यातल्या कितीतरी लहान वर्कशॉपच्या मालकांनी तिथे शिकूनच पुढे स्वतःची शेड टाकली.

तू मेकॅनिकलला जायचं म्हणतेस आणि घरात ‘मुलीला मेकॅनिकल कशाला, कॉम्प्युटर घे’ असं चाललंय, हे मला कळलं. आवड असेल तर मेकॅनिकलच घे. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलेलं असताना सुधा मूर्तींनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि त्या पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागल्या. आज त्याच कंपनीच्या इथल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी जोडणारी लाइन बायका चालवतात. दाजींशी मी बोलेन. फक्त एक लक्षात ठेव: कंपनीच्या नावावर जीव टाकू नकोस, कामावर टाक. तळेगावची जनरल मोटर्सची एवढी मोठी फॅक्टरी, तीही डिसेंबर 2020 मध्ये थांबली. ज्यांच्या हातात कसब होतं त्यांनाही ते दिवस जडच गेले, पण दुसऱ्या दारात उभं राहून ‘मला हे येतं’ असं त्यांना म्हणता आलं.

आता मराठी माध्यमाबद्दल. डिप्लोमाच्या पहिल्या सेमिस्टरला आपल्या मुलांची दमछाक होते ती विषयामुळे नाही, इंग्रजीमुळे. ‘टँजंट’, ‘प्रोजेक्शन’ असे शब्द कानावर पडले की शाळेत उत्तम कळलेलं गणितही परकं वाटायला लागतं. मुलं लाजून विचारत नाहीत, विषय राहतात आणि काहीजण कॉलेज सोडतात. त्यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात आहे. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी ती उभी केली, आणि 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत तिला लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार मिळाला. तिथे मुलं ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवतात. ज्याला जे येतं ते तो लहान-मोठ्या कुणालाही समजावतो. प्राथमिक शाळेतली चिमुरडी हे करतात, तर तुम्ही सोळा वर्षांची मुलं का नाही करणार? तुमच्यातले डिप्लोमाला जाणारे सात-आठ जण आठवड्यातून एकदा एकत्र बसा. शाळेतल्या सरांना वर्ग मागा. तुमची कळकळ दिसली तर ते नाही म्हणणार नाहीत. आयटीआयला गेलेल्यालाही बोलवा. ड्रॉइंग वाचायला तो तुमच्याआधी शिकलेला असेल.

आणि वर्गाचा तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वाढदिवसाचे केक आणि गुड मॉर्निंग यांतच तो संपू देऊ नकोस. प्रवेशाच्या तारखा, फॉर्मची मुदत, कुठे अ‍ॅप्रेंटिसची जागा निघाली, कुणाच्या वडिलांची नोकरी सुटली, कोण आठवडाभर गप्प आहे, हे त्यावर आलं पाहिजे. जो गप्प आहे त्याच्या घरी दोघांनी जाऊन या. घरकुल वसाहतीत राहणारी तुमची मुलं घरची अडचण फोनवर सांगणार नाहीत. तुम्ही दारात उभे राहिलात तर सांगतील.

सध्या एवढंच कर. वाशीमच्या मैत्रिणीच्या वडिलांची या आठवड्यात कोणती शिफ्ट आहे ते विचारून मला कळव. सेकंड असेल तर मी सकाळी त्यांना भेटतो. गावच्या तहसीलला कोणते कागद न्यायचे ते लिहून देतो आणि गाडीभाड्याचंही बघतो. त्यात तिला संकोच वाटू देऊ नकोस. बाकी ज्यांचे फॉर्म राहिलेत त्यांना पुढच्या रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे पाठव. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका, तिन्हींच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स घेऊन यायला सांग. मामी पोहे करणार आहे.

ताई-दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा