फीडरसाठी माळवदाचा साग

पक्ष्यांसाठी लाकडी फीडर आणि चिमण्यांची घरटी करायची हौस मला जुनी आहे. नांदेड-लातूरकडच्या ओळखीच्या घरांत, शाळांत ती लावलेली आहेत. हल्ली नवीन माणूस शिकायला आला की पहिला प्रश्न ठरलेला: सिडर कुठं मिळेल? मोबाइलवरच्या प्रत्येक परदेशी नमुन्यात तेच लाकूड सांगितलेलं असतं. त्यांना जे सांगतो, ते असं.

1. सिडर तिकडं का वापरतात, हे आधी बघावं. अमेरिका-कॅनडातला 'वेस्टर्न रेड सिडर' हा पॅसिफिक किनाऱ्याकडचा थुजा, नावापुरताच सिडर. वजनाला हलका, रेषा सरळ, आणि अंगच्याच द्रव्यांमुळं लवकर न कुजणारा. सततच्या पावसात, बर्फात टांगलेल्या फीडरला हेच गुण लागतात. आमच्याकडचं दुखणं वेगळं. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर, हवा कोरडी ठाक, आणि जूनमध्ये त्याच तापलेल्या फळीवर पहिला पाऊस. फळी आधी आकसते, मग फुगते, आणि खिळ्यापाशी चिरते. वर वाळवी आहेच. त्यामुळं इथं कुजण्याइतकीच तडकण्याचीही काळजी करावी लागते.

2. आपला हिमालयातला देवदार तर खऱ्या सिडरच्या कुळातला. काश्मीरच्या हाउसबोटी त्याच्याच. लाकूड तेलकट, टिकाऊ, वासाला सुरेख. पण ओंजळभर ज्वारी ठेवायला ते हिमालयातून मराठवाड्यात आणायचं, हे मला पटत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. फीडरच्या बाबतीत ते असावं.

3. आमचं उत्तम लाकूड म्हणजे उतरवलेल्या माळवदाचा साग. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर दाटीनं लाकडी पट्ट्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. या पट्ट्यांच्या आणि भिंतीच्या मधल्या फटींत चिमण्यांचे संसार चालायचे. घरात काडीकचरा पडला म्हणून कुणी घरटं काढत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत हीच जड छपरं, हेच दगड माणसांच्या अंगावर आले. त्यानंतर माळवदाची धास्ती बसली ती योग्यच होती. सिमेंटची घरं आली, आणि चिमणीला शिरायला फट राहिली नाही. लातूर-नांदेडच्या जुन्या लाकडाच्या वखारीत आजही अशा खांब-तुळयांचे तुकडे मिळतात. जुन्या लोकांनी जाड झाडाचा गाभा वापरलेला असतो. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. कडेचं पांढुरकं लाकूड मात्र ती आनंदानं खाते. पिढ्यान्‌पिढ्या वाळल्यामुळं हे लाकूड आता फारसं हलत नाही. धुराची काजळी रंध्याच्या दोन हातांत निघते. करवत लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवावं, कारण आत मोडलेला खिळा असतोच.

नवाच साग हवा असेल तर नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या जंगलाचं नाव आहे. पण घ्यायचा तो पावतीचा. 1964 च्या वृक्षतोड कायद्यामुळं स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

4. बाभूळ औताला, गाडीला छान, फीडरला जड. खिळा जाईना, गेला तर फळी फुटते. कडुनिंबाला कीड कमी लागते, फक्त सावलीत पुरतं वाळू द्यावं. आंबा एका पावसाळ्याचा सोबती.

5. प्लायवूडचे पापुद्रे सुटतात, एमडीएफ तर पाण्यात पाव भिजावा तसं फुगतं. यंत्रांच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, त्यावरचा छाप वाचावा. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते पक्ष्यांपासून लांबच ठेवावं.

6. व्हार्निश नको, ऑइलपेंट नको. बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचा हात फिरवावा आणि चांगले आठ-दहा दिवस सुकू द्यावं. घरट्याच्या आतली बाजू खरखरीतच ठेवावी. पिलांना वर चढायला पकड मिळते.

7. घरट्याचं भोक 32 मिलिमीटर. चिमणी आत जाते, साळुंकी जात नाही. भोकाखाली बसायला दांडी लावू नये. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याची मात्र सोय होते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नातून 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन होतो, आणि त्या आठवड्यात माझ्याकडं घरट्यांची मागणी एकदम वाढते. माझं म्हणणं, घरटं संक्रांतीलाच टांगा. चिमण्यांना नव्या वस्तूची भीड मोडायला वेळ लागतो. तोंड पश्चिमेला नको. दुपारच्या उन्हात डबा भट्टी होतो.

8. फीडरच्या तळाला चार बारीक भोकं हवीतच. पाणी साचलं की धान्याला बुरशी येते आणि बुरशीचं धान्य खाऊन पक्षी आजारी पडतात. पावसाळ्यात थोडंच टाकावं, उरलेलं झटकावं. राहिला दाण्याचा प्रश्न. लातूरच्या आडत बाजारात आता ढीग दिसतात ते सोयाबीनचे आणि तुरीचे. चिमणीच्या चोचीला ते झेपत नाहीत. तिला ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी लागते. पूर्वी खळं झालं की ओसरीला कणसांची जुडी टांगत. रब्बीची मालदांडी ज्वारी पेरणारा कुणी ओळखीत असेल तर काढणीच्या वेळी एक पेंढी मागून ठेवावी. फीडरशेजारी कणसं टांगली की चिमण्या आधी कणसांवरच उतरतात.