जुनी गाडी, चांगला भाव: हौशी गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे देते?



जुन्या टू-व्हीलरच्या धंद्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गॅरेजचं काम येतं, पन्नास हजार हाताशी आहेत. जुनी आरएक्स १०० घेऊन चकाचक केली तर किती सुटतील?"

चकाचक करायच्या आधी जरा थांबा. हौशी गिऱ्हाईक पैसे देतं ते अस्सल गाडीचे, आणि गाडी अस्सल आहे हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. भाव ठरवणाऱ्या पाच गोष्टी एकेक करून बघू.

१. नंबर जुळतात का?
इंजिन आणि चेसिसवर पंच केलेला नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेलं सर्रास सापडतं. गाडी पळेल छान, पण हौशी माणूस भाव पाडणार. नंबर घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला वाटला तर गाडी स्वस्त असली तरी सोडून द्या. चोरीची निघाली तर पैसे जातील आणि पोलीस स्टेशनच्या चकरा वेगळ्या.

२. कंपनीचं किती शिल्लक आहे?
टाकी, मीटर, दिवे, मडगार्ड, रंग. कंपनीचा रंग एकदाच लागतो, तो घालवला की परत येत नाही. अमेरिकेतलं उदाहरण बघा. 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची फोर्ड मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६,००० डॉलरला घेतली. रोजच्या वापरात ती झिजली, रंग उडाला. जानेवारी २०२० च्या लिलावात तशाच अवस्थेत तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली. पत्रा गंजून भोक पडलं असेल तर काम करावंच लागेल. नुसता रंग फिका झाला असेल तर हात लावू नका.

३. किती बनल्या, किती उरल्या?
आपल्या आकुर्डीत बनलेली बजाज चेतक १९७२ पासून अनेक वर्षं लाखोंनी रस्त्यावर आली. त्यामुळे साधी चेतक दुर्मिळ नाही. जपलेली चेतक दुर्मिळ आहे. उलट राजदूत ३५० ही १९८० च्या दशकात थोडीच वर्षं बनली. पेट्रोल फार पिते म्हणून तेव्हा लोकांनी नाकारली, आज तिलाच शोधत फिरतात.

४. कोणाला हवी आहे?
आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. तेव्हा कॉलेजात जाणारा मुलगा आज पन्नाशीच्या आसपास आहे. तेव्हा घेता आली नाही, आता खिशात पैसे आहेत. तुमचं गिऱ्हाईक हेच.

५. कागद
खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. कर्जाचा बोजा उतरलाय का, दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर एनओसी मिळेल का, मूळ मालक सही द्यायला आहे का, हे टोकन देण्याआधी विचारा. जुन्या नोंदी पुष्कळदा ऑनलाइन दिसत नाहीत. येरवडेकरांना फुलेनगरचं आळंदी रोड आरटीओ जवळ आहे आणि संगम ब्रिजचं मुख्य ऑफिसही लांब नाही. कोणतं काम कुठे होतं ते आधी विचारून घ्या.

'व्हिंटेज' शब्दही जपून वापरा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली खासगी गाडीच व्हिंटेज. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण मग ती रोज वापरता येत नाही. १९९० ची आरएक्स व्हिंटेज म्हणून विकू नका.

आता हिशोब
आकडे फक्त समजण्यासाठी. खरेदी २५,०००, इंजिन १२,०००, रंग ८,०००, कागद ५,०००. झाले ५०,०००. चार महिन्यांनी ५५,००० ला विकली, तर महिन्याला १,२५० सुटले, तेही तुमची मजुरी न धरता. रंगाचे ८,००० वाचवले असते तर नफा ५,००० चा १३,००० झाला असता. कागद अडकले तर नफा राहू द्या, भांडवलच अडकून पडतं.

एक शेवटचं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला आरटीओची मान्यता लागते. धंदा करायचाच, तर ही पायरी सुरुवातीलाच चढा.

या आठवड्याचा होमवर्क: विकायला असलेल्या तीन जुन्या गाड्या बघा. काही विकत घेऊ नका. वहीत पाच रकाने पाडा आणि प्रत्येक गाडीला पाचपैकी गुण द्या. नंबर किंवा कागदाला शून्य पडलं, तर बाकीचे गुण मोजायचे नाहीत.