चोरले की लुटले?



मराठीत चोर एकाच जातीचा नसतो. भुरटा चोर असतो, खिसेकापू असतो, घरफोड्या असतो, दरोडेखोर असतो. ज्याचे जसे काम तसे त्याचे नाव. इंग्रजीतही तसेच आहे. पण आपण इंग्रजी लिहायला बसलो की सगळ्यांना थीफ म्हणतो आणि सगळ्यांच्या कामाला स्टील म्हणतो. आमच्या बाईंनी 'चोरांनी बँक लुटली' हे वाक्य इंग्रजीत करायला दिले होते. काही मुलांनी लिहिले, 'थीव्ह्ज स्टोल द बँक.' बाई म्हणाल्या, "अरे, अख्खी बँक उचलून नेली का? भिंतींसकट?" सगळा वर्ग हसला. पण असे का होते ते बाईंनी फळ्यावर समजावून दिले, तेच मी इथे लिहीत आहे.

स्टील म्हणजे चोरणे. चोरी गुपचूप होते, मालकाला नंतर कळते. स्टीलच्या पुढे नेलेली वस्तू येते. 'अ थीफ स्टोल माय बॅग', म्हणजे चोराने माझी पिशवी चोरली. काल चोरले असेल तर स्टोल म्हणायचे, आणि चोरीला गेलेले म्हणजे स्टोलन. आपला पाण्याचा तांब्या स्टीलचा असतो ते स्टील वेगळे बरं का! त्यात दोन ई शेजारी शेजारी असतात. चोरीच्या स्टीलमध्ये ई च्या पुढे ए असतो. बोलताना दोन्ही सारखीच ऐकू येतात.

रॉब म्हणजे लुटणे. रॉबच्या पुढे वस्तू येत नाही. ज्याला लुटले तो माणूस येतो, नाही तर जी जागा लुटली ती येते. 'दे रॉब्ड द बँक', त्यांनी बँक लुटली. 'दे रॉब्ड हिम', त्याला लुटले. आणि काय नेले ते सांगायचे असेल तर पुढे 'ऑफ' जोडून वस्तू सांगायची.

हे पाठ करायची गरज नाही, आपल्या मराठीतच बघा. 'चोराने पैसे चोरले' असे आपण म्हणतो, 'चोराने आजीला चोरले' असे कोणी म्हणत नाही. तसे म्हटले तर आजीलाच पोत्यात घालून नेले असे वाटेल. पण 'आजीला लुटले' हे बरोबर आहे. आजी जागेवरच असते, तिच्याजवळचे जाते. फक्त मराठीत 'पैसे लुटले' असेही चालते, इंग्रजीत ते चालत नाही. तेवढे ध्यानात ठेवायचे.

बर्गलर म्हणजे घरफोड्या. तो कुलूप तोडून किंवा खिडकीतून आत शिरतो. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात रात्री शिरला तरच तो बर्गलर ठरायचा. १९६८ साली त्यांनी नवा कायदा केला आणि दिवसा शिरणाराही त्यात आला. बर्गलर शब्द जुना आहे, त्यावरून बर्गल हे क्रियापद मागाहून तयार केले. म्हणजे चोर आधी आला आणि त्याचे काम नंतर! अमेरिकेत बर्गलच्या जागी बर्गलराइझ म्हणतात. तो शब्द माझ्याच्याने धड बोलवत नाही.

पिकपॉकेट सोपा आहे. पॉकेट म्हणजे खिसा आणि पिक म्हणजे वेचणे, जसे आपण कापूस वेचतो. आपला खिसेकापू खिसा कापतो, त्यांचा खिसा वेचतो. स्नॅच म्हणजे हिसकावणे.

आता खरी गंमत. लूट हा शब्द इंग्रजीतही लूटच आहे, आणि तो इथूनच तिकडे गेला. इंग्रज आपल्या देशात आले, तेव्हा त्यांनी हा शब्द ऐकला आणि आपल्या भाषेत घेतला. ठग हा शब्दही नेला, त्याचे थग केले. डकैतचे डॅकॉइट केले. मी बाईंना विचारले, "बाई, ही शब्दांची चोरी झाली का?" बाई म्हणाल्या, "चोरी झाली असती तर आपल्याकडे शब्द उरला असता का?" हे मला पटले. पण उसने नेले म्हणावे तर त्यांनी परतही केले नाहीत. त्यामुळे याला काय म्हणावे ते माझे अजून ठरले नाही.

हे सगळे नुसत्या इंग्रजीच्या पेपरापुरते नाही. आमच्या शेजारच्या मावशी आठवडी बाजारात गेल्या होत्या. एकाने त्यांना ढकलून पाडले आणि गळ्यातले गंठण ओढून नेले. हात खरचटला. घरी येऊन त्या सगळ्यांना सांगत होत्या, "माझ्या गंठणाची चोरी झाली." तेव्हा पोलीस पाटील काका म्हणाले, "वहिनी, नुसती चोरी झाली म्हनू नका. पाडलं, लागलं, ते बी सांगा." मी काकांना विचारले की त्याने काय फरक पडतो. त्यांनी सांगितले, गुपचूप नेले तर कायद्यात ती चोरी. दुखापत करून किंवा भीती दाखवून नेले तर ती जबरी चोरी, इंग्रजीत रॉबरी. आणि ५ किंवा जास्त माणसांनी मिळून जबरी चोरी केली तर तो दरोडा. ४ माणसे असली तर दरोडा नाही! साध्या चोरीला पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आहे आणि जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत. एका शब्दात एवढे अंतर! १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात नवा कायदा लागू झाला, त्याला भारतीय न्याय संहिता म्हणतात. त्यात अचानक हिसकावून नेण्याला वेगळे कलमही आहे. मावशींनी मग तक्रारीत सगळे नीट लिहून दिले.

आपल्याकडचा जुना कायदा १८६० सालचा होता. त्यात चोरी कशाला म्हणायचे ते उदाहरणे देऊन सांगितले होते, आणि ती उदाहरणे नव्या कायद्यातही ठेवली आहेत. बाईंनी ती आम्हाला सोपी करून सांगितली. मला तर ती गोष्टीच वाटल्या. एक बैल खजिन्याची पेटी घेऊन चालला आहे. एका माणसाच्या मनात पाप येते आणि तो बैलाला आपल्याला हव्या त्या वाटेला हाकतो. बैल हलला की खजिन्याची चोरी झाली. पेटीला त्याने हातसुद्धा लावला नाही! दुसरा माणूस खिशात खाऊ ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला मागे यायला लावतो. कुत्रे मागे चालू लागले की तीही चोरी. (आमचा मोत्या तर कोणाच्याही मागे जातो.) दुसऱ्याच्या रानातले झाड न्यायच्या बेताने तोडले, तर ते जमिनीपासून सुटले की चोरी, घरी नेलेच पाहिजे असे नाही.

आणि चोरी नसलेलेही सांगितले आहे. दुसऱ्याची वस्तू आपलीच आहे असे खरेच समजून नेली तर ती चोरी नाही, कारण मनात लबाडी नाही. वर्गात कोणाची पट्टी हरवली की लगेच "चोर, चोर" सुरू होते. सगळ्यांच्या पट्ट्या एकाच दुकानातल्या आणि एकाच रंगाच्या. अशा वेळी इंग्रजीत 'स्टोल' म्हणायचे नाही, साधे 'टुक' म्हणायचे, म्हणजे घेतली. मराठीत तर 'चुकून नेली' असा चांगला शब्द आहेच. शिवाय ७ वर्षांखालच्या मुलाने काहीही केले तरी कायद्यात तो गुन्हा धरत नाहीत. माझी धाकटी बहीण ५ वर्षांची आहे, तिला हे मी सांगितलेले नाही.

आता तुमच्यासाठी तीन वाक्ये देतो. स्टील, रॉब की टुक, ते ठरवा आणि चिठ्ठी भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात टाका. रात्री कोणीतरी विहिरीवरची मोटर गुपचूप नेली. तिघांनी चाकू दाखवून दुकानदाराला लुबाडले. पावसात गडबडीत एकाने दुसऱ्याची छत्री आपली समजून नेली. पालकांनीही चिठ्ठ्या टाकल्या तर चालेल. उत्तरे शनिवारी इथेच लावू.