ई-पोर्टफोलिओ कुठे उभारायचा?

‘पोर्टफोलिओसाठी, म्हणजे केलेलं काम ऑनलाइन मांडायला, कुठली वेबसाइट घेऊ?’ हा कराडच्या विद्यानगरातल्या मुलामुलींचा प्रश्न, आणि ‘पैसे किती पडतील?’ हा त्यांच्या पालकांचा. पालकांनी निश्चिंत राहावं, सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शाखेनुसार बदलतं.

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा सांगलीच्या वालचंदमध्ये संगणक किंवा आयटी शाखेला असाल, तर कोड गिटहबवर ठेवा. तो कसकसा सुधारत गेला, हे तिथे तारीखवार दिसतं. गिटहब पेजेसवर साधी वेबसाइटही फुकट चालते. डिझाइन, चित्रकला, वास्तुकलेसाठी बिहान्स बरं. कला, वाणिज्य, बीएडच्या विद्यार्थ्यांना गूगल साइट्स पुरेसं आहे, कोडिंग न येताही पान तयार होतं. विक्सच्या फुकट योजनेत पानावर त्यांची जाहिरात राहते, हे लक्षात घ्या.

खातं मात्र स्वतःच्या ईमेलवरच काढा. महाविद्यालयाने दिलेला ईमेल पदवीनंतर बंद होऊ शकतो आणि त्यावर उभारलेलं सगळं हातचं जातं. मूळ फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

आता पानावर काय लिहायचं? समजा, चौघांनी मिळून उसाच्या शेतासाठी ओलावा मोजणारं यंत्र केलं. नुसतं प्रकल्पाचं नाव आणि गटाचा फोटो टाकून भागत नाही. स्वस्त सेन्सरच्या पट्ट्या ओल्या मातीत गंजल्या, रीडिंग भरकटलं, म्हणून कपॅसिटिव्ह सेन्सर लावला, हे लिहा. सरीत रोवलेल्या सेन्सरचा फोटो द्या. चौघांत तुम्ही नेमकं काय केलं, तेही स्पष्ट सांगा. मुलाखतीत पुढचे प्रश्न यावरूनच निघतात.

पालकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. आधार क्रमांक, घरचा पत्ता, मोबाइल नंबर पानावर नको. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येच राहू द्या. आणि पैसे घेऊन ‘पोर्टफोलिओ बनवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. दुसऱ्याने लिहिलेलं पान मुलाखतीत दोन प्रश्नांतच उघडं पडतं.

प्लॅटफॉर्म पुढे बदलता येतो, पण वेळच्या वेळी न नोंदवलेलं काम वर्षभराने आठवत नाही. म्हणून येत्या रविवारी एकच प्रकल्प निवडा आणि त्याचं पान पूर्ण करा.