खांब रोवण्याआधी मोजणी

वसईतल्या भुईगावच्या आमच्या वाडीला एका अंगाने शेराची जुनी वई, म्हणजे जिवंत कुंपण, होती. पलीकडची जागा विकली गेली. नव्या मालकाने खासगी मोजणीदार आणला, सिमेंटचे खांब रोवले, काटेरी तार ओढली आणि आमचे दोन नारळ तारेपलीकडे गेले.

मोजणीदाराकडे यंत्र भारी होतं, आकडेही चुकले नव्हते. चुकली ती सुरुवात. त्याने बावखलाचा, म्हणजे वाडीतल्या तळ्याचा, काठ पक्का धरला होता! बावखलाची माती दर पावसाळ्यात ढासळते. काही बावखलं तर अर्धीअधिक बुजली. असा काठ हद्दीची खूण कसा होईल?

आम्ही भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज केला. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. भूकरमापकाने आधी जुन्या मोजणीचं टिपण आणि पोटहिश्शांचा फाळणी नकाशा काढला. जुन्या टिपणातली मापं साखळी-आण्यांत असतात: साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. (गुंठ्याचे 1089 चौरस फूट आले ते 33 गुणिले 33 मधूनच.) त्यावरून जुने दगड शोधले, मग रेषा टाकली. तार आमच्या हद्दीत निघालीच. पण आमची वईही एका टोकाला पलीकडे गेलेली निघाली. तावातावाने आलेले आमचे काका एकदम गप्प झाले.

सातबारा क्षेत्र सांगतो, जमिनीची कड दाखवत नाही. मोबाइलवरच्या नकाशाची रेघ तर अंदाजापुरतीच. तेव्हा मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा, हाती आल्याशिवाय खांब रोवू नका. मोजणीला स्वतः हजर राहा, खुणांचे फोटो काढा, हरकत असेल तर तिथेच लेखी द्या. निकाल पटला नाही तर निमताना, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. रागाच्या भरात दगड उपटू नका. जमीन महसूल संहितेत त्याला दंड आहे. पण गप्पही बसू नका. तुमच्या जागेवर कुणी उघडपणे, हक्काने 12 वर्षं बसला, तर मुदत कायद्याचा आधार घेऊन तो मालकी सांगू शकतो.

मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. शेजारी तार हलवायला तयार नसेल, तर दिवाणी न्यायालयात दाद मागता येते. आमच्याकडे दोघांचंही थोडं थोडं चुकलेलं, म्हणून समजुतीने मिटलं.

वसईत वाडी घेणार असाल, तर खरेदीखताआधीच विकणाऱ्याला त्याच्या नावाने मोजणी करून द्यायला सांगा.