सीझनच्या आधी टीम कशी वाचायची? क्रॉस-कंट्री स्कीइंगची केस स्टडी

परवाच्या व्हिडिओत हा विषय बारा मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पेन-वही घेऊन बसा.

शुक्रवारी, २८ नोव्हेंबर २०२५ ला, फिनलंडमधल्या रुका इथे क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या वर्ल्ड कपचा २०२५-२६ चा सीझन सुरू झाला. आता तुम्ही म्हणाल, सर, आपल्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे, हे कुठून काढलं? सांगतो. २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या जेसी डिगिन्सने टीम स्प्रिंटच्या शेवटच्या वळणानंतर स्वीडनला मागे टाकलं, तो व्हिडिओ मी रात्री दुकान बंद केल्यावर पाहिला आणि तेव्हापासून हा नाद लागला. दुसरं कारण धंद्याचं आहे. या लोकांचं सगळं वर्ष चार महिन्यांवर चालतं. नोव्हेंबरअखेर ते मार्च, बस. नॉर्वेत तर ट्रेनिंगचं नवीन वर्ष १ मेला धरतात. मे ते ऑक्टोबर रस्त्यावर चाकांची स्की लावून सराव, डोंगरात पळणं, उंचावरचे कॅम्प. वर्षाला ८०० ते १००० तास मेहनत, आणि कमाई हिवाळ्यात. ज्यांचा धंदा दिवाळीचा, लग्नसराईचा किंवा शाळा सुरू होण्याचा आहे, त्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

माझं स्वतःचं दुकान रेनकोट, छत्र्या आणि दप्तरांचं. माझा सीझन सहा आठवड्यांचा. २०१९ मध्ये माझ्याकडे एक पोरगा होता, काउंटरचा राजा. कुठल्या साईजचा माल कुठल्या खोक्यात, कुठल्या होलसेलरकडून दोन दिवसांत माल उचलता येतो, कोणत्या शाळेला कोणत्या रंगाचं दप्तर लागतं, सगळं त्याच्या डोक्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. भांडण नाही, काही नाही, घरची अडचण. पाऊस लागला, गिऱ्हाईक दारात उभं, आणि मी खोकी उचकतोय. त्या वर्षी दीड लाखाचा माल पडून राहिला. मे महिन्यात मला कोणी विचारलं असतं, "टीम कशी आहे?" तर मी छाती फुगवून त्याच पोराचं नाव सांगितलं असतं.

सीझनपूर्व अंदाज लिहिणारे बहुतेक लोक हेच करतात. देशाचं नाव, त्याखाली सगळ्यात मोठं नाव, मग अमुक पदकं येतील. मी उलटं वाचतो. यादीतलं पहिलं नाव बोटाने झाकायचं आणि विचारायचं, आता काय उरलं? चला, चार टीमवर हे करून बघू.

नॉर्वे पुरुष. पहिलं नाव योहानेस क्लेबो. मार्च २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमला, म्हणजे त्याच्या घरच्या मैदानावर, जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या सहा शर्यती होत्या आणि सहाही सुवर्णं त्याची. ऑलिम्पिकची पाच सुवर्णं त्याआधीच खिशात. सीझन सुरू होताना हिवाळी ऑलिम्पिकचा विक्रम आठचा होता, तोही नॉर्वेच्याच ब्योर्गन, डेली आणि ब्योर्नडालेन या तिघांच्या नावावर. त्यामुळे फेब्रुवारी २०२६ मध्ये सगळे कॅमेरे याच्यावरच असणार होते. (त्याचे कोच त्याचे आजोबा आणि मॅनेजर वडील. घरची पेढीच म्हणा ना.)

आता हे नाव झाका. २०२३-२४ मध्ये ते खरोखरच झाकलं गेलं होतं. करारावरून महासंघाशी लांबलेला वाद, मग आजारपण, आणि सीझनचा मोठा तुकडा हातातून गेला. नॉर्वेचं काय झालं? टूर डी स्की आणि वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद दोन्ही हाराल्ड आमुंडसनने नेलं. तोही नॉर्वेचाच. मागे व्हाल्नेस, न्येंगेट, क्रूगर उभेच होते. दुकान एक दिवससुद्धा बंद राहिलं नाही.

पण याची एक किंमत आहे आणि ती अंदाजात सहसा लिहिली जात नाही. ऑलिम्पिकला एका देशाचे जास्तीत जास्त आठ पुरुष आणि आठ महिला जातात, एका वैयक्तिक शर्यतीत फक्त चार. नॉर्वेचा नववा माणूस दुसऱ्या कुठल्याही देशात आरामात टीममध्ये असता. त्यामुळे नॉर्वेच्या मधल्या फळीला डिसेंबर-जानेवारीतच स्वतःला सिद्ध करावं लागतं. फेब्रुवारीसाठी जोर राखून ठेवणं त्यांना परवडत नाही. रुकाला नॉर्वेचा एखादा फारसा माहीत नसलेला खेळाडू जीव तोडून तिसरा आला, तर "फॉर्मात आहे" म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. त्याचं ऑलिम्पिक तिथेच सुरू झालेलं असतं.

स्वीडन महिला. माझ्या मते या घडीला जगातली सगळ्यात नीट बांधलेली टीम ही आहे. ट्रॉन्डहाइमला महिलांच्याही सहा शर्यती होत्या आणि सहाही सुवर्णं स्वीडनला गेली. इथपर्यंत क्लेबोसारखंच वाटतं. फरक पुढे आहे. स्प्रिंट योना सुंडलिंगने जिंकली, तिचं लागोपाठ तिसरं जागतिक विजेतेपद. स्कीअॅथलॉन आणि १० किलोमीटर एबा अँडरसनने. ५० किलोमीटर फ्रिडा कार्लसनने, आणि जागतिक स्पर्धेत महिला पहिल्यांदाच ५० किलोमीटर धावल्या त्या याच वेळी. टीम स्प्रिंट सुंडलिंग आणि माया डालक्विस्ट, शिवाय रिले. सहा कुलुपं, पण किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे.

नाव झाकायची परीक्षा यांनीही दिली आहे. लिन स्वानने २०१९-२० मध्ये स्प्रिंटचं वर्ल्ड कप विजेतेपद मिळवलं होतं. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला ती खांद्याच्या ऑपरेशनमुळे जाऊच शकली नाही. स्प्रिंटचा निकाल काय लागला? पहिली सुंडलिंग, दुसरी डालक्विस्ट. हुकमी एक्का घरी बसलेला असताना पहिले दोन नंबर त्यांचेच! हे नशिबाने होत नाही. दोन-तीन वर्षं आधीपासून तेच काम करणारी दुसरी माणसं रोज त्याच ट्रॅकवर सोबत घाम गाळत असतात, तेव्हाच हे होतं. मला २०१९ मध्ये हे सुचायला हवं होतं. काउंटरवर दुसरा पोरगा होता, पण मी त्याला कायम माल उतरवायलाच ठेवला.

नॉर्वे महिला. हे उदाहरण जरा दुखरं आहे. थेरेसे योहाउग निवृत्त झाली होती. घरच्या जागतिक स्पर्धेसाठी ती २०२४-२५ ला परत आली आणि जानेवारीत तिने टूर डी स्की जिंकलीसुद्धा. एक मुलगी झालेली, वय ३६. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण ट्रॉन्डहाइमला नॉर्वेच्या महिलांना एकही सुवर्ण मिळालं नाही, आणि स्पर्धेनंतर योहाउग पुन्हा थांबली. तिला बोलावणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, ती त्या वेळी खरोखरच टीममधली सगळ्यात भरवशाची होती. पण २०२५-२६ ची यादी उघडली की लांब शर्यतींसाठी नजर जाते हायडी वेंग आणि आस्त्रिद स्लिंद यांच्याकडे, आणि दोघीही तिशीच्या पलीकडच्या आहेत. स्लिंद तर लांब पल्ल्याच्या मॅरेथॉन शर्यती गाजवून राष्ट्रीय टीममध्ये आली. एक वर्ष उसनं मिळालं, त्या वर्षात मागची फळी किती तयार झाली, हे आपल्याला २०२५-२६ च्या हिवाळ्यात कळणार होतं. माझा सीझनपूर्व अंदाज विचाराल तर रिलेत पदक, वैयक्तिक सुवर्ण कठीण.

अमेरिका. डिगिन्सने तीन वेळा वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद मिळवलं आहे, त्यातली मागची दोन लागोपाठ. २०२५-२६ हा आपला शेवटचा सीझन असं तिने स्वतः जाहीर केलं होतं आणि त्या सीझनचा शेवट मार्च २०२६ मध्ये अमेरिकेतच, लेक प्लॅसिडला ठरला होता. तिचं नाव झाकलं तर? ज्युलिया कर्न आहे, पुरुषांमध्ये गस शूमाकर आहे, ज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये मिनियापोलिसला घरच्या लोकांसमोर १० किलोमीटर जिंकली. म्हणजे रिकामं नाही, पण स्वीडनसारखं भरलेलंही नाही.

मला अमेरिकेचं कौतुक वेगळ्या गोष्टीचं वाटतं. तिथे खेळाडूंच्या टीमला सरकारी तिजोरीतून पैसा येत नाही. प्रायोजक, देणगीदार, क्लब यांच्यावर चालतं. नॅशनल नॉर्डिक फाउंडेशन नावाची संस्था साध्या स्कीप्रेमींकडून छोट्या-छोट्या देणग्या जमवते आणि उगवत्या खेळाडूंना युरोपात शर्यतींसाठी पाठवायला मदत करते. अनुदानाची वाट बघत बसलेल्या मित्रांनी हा भाग दोनदा वाचावा. पण एक प्रश्न राहतोच. देणगीदार टीमसाठी येत होते की जेसीसाठी? मालकाच्या चेहऱ्यावर चालणाऱ्या दुकानाला हा प्रश्न आज ना उद्या पडतो.

आता एक अशी टीम, जी टीव्हीवर दिसत नाही. वॅक्सवाले. क्रॉस-कंट्रीत दोन पद्धती असतात. फ्री म्हणजे स्केटिंगसारखी, आणि क्लासिक म्हणजे दोन समांतर चरांमधून. क्लासिकमध्ये स्कीच्या मधल्या भागाला बर्फ पकडणारं वॅक्स लागतं आणि पुढच्या-मागच्या टोकांना घसरणारं. पकड कमी पडली तर चढावर पाय मागे सटकतो, जास्त झाली तर उतारावर ब्रेक लागतो. बर्फाचं तापमान दोन अंशांनी बदललं तर मिश्रण बदलायचं. म्हणून मोठे देश वर्कशॉपसकट भलामोठा ट्रेलर घेऊन गावोगाव फिरतात, आणि एकेका खेळाडूच्या डझनावारी जोड्या पहाटे तपासल्या जातात.

२०२३-२४ पासून फ्लोरिन असलेल्या वॅक्सवर पूर्ण बंदी आली, पर्यावरणासाठी आणि वॅक्स लावणाऱ्यांच्या तब्येतीसाठीही. बंदी आली त्याच ऑक्टोबरमध्ये अल्पाइन स्कीइंगची नॉर्वेची राग्नहिल्ड मोविन्केल सोल्डेनला चाचणीत अडकून बाद झाली. विचार करा, वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव एका नियमाने अर्धा झाला. ज्यांच्याकडे फक्त महागड्या डब्या होत्या ते मागे पडले. ज्यांना स्कीचा तळ घासून त्यावर बारीक रेघा पाडायचं काम येत होतं, त्यांचं चाललं. आपल्याकडे प्लास्टिक पिशवीबंदी आली तेव्हा किती दुकानदार गडबडले होते, आठवतंय?

कॅलेंडरबद्दल थोडंसं, कारण टीम चांगली की वाईट हे अर्धं त्याच्यावरच ठरतं. फेब्रुवारी २०२६ मध्ये व्हाल दि फिएम्मेमधल्या तेसेरोला ऑलिम्पिकच्या शर्यती होत्या. पहिल्यांदाच महिला आणि पुरुषांची अंतरं सारखी. स्प्रिंट क्लासिक, १० किलोमीटर फ्री, ५० किलोमीटर क्लासिक. आता फिनलंडचा ईवो निस्कानेन घ्या. क्लासिकचा बादशहा. २०१८ ला ५० किलोमीटर क्लासिकचं सुवर्ण, २०२२ ला १५ किलोमीटर क्लासिकचं. या वेळी छोटी शर्यत फ्रीमध्ये गेल्याने त्याचा एक दरवाजा बंद, मोठा दरवाजा उघडा. तो डिसेंबरमध्ये कुठे मागे दिसला तरी घाबरायचं कारण नव्हतं, त्याचं गिऱ्हाईक २१ फेब्रुवारीला येणार होतं. उलट टूर डी स्की २०२५-२६ मध्ये पूर्ण इटलीत होती, आणि शेवट याच व्हाल दि फिएम्मेत, ४ जानेवारीला. तिथे कोण आलं आणि कोण मुद्दाम आलं नाही, दोन्ही लिहून ठेवा.

रशियाचे खेळाडू २०२२ च्या मार्चपासून बाहेर होते आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्येही आंतरराष्ट्रीय महासंघाने दार उघडलं नव्हतं. बोल्शुनोव्हने बीजिंगला तीन सुवर्णं घेतली होती. समोरचं दुकान बंद असताना वाढलेला गल्ला आपल्या गुणावर धरायचा नाही, एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

गृहपाठ. रुकाच्या आधीच्या आठवड्यांत बायटोस्टोलेन, ब्रुक्सव्हालार्ना आणि मुओनिओ इथे अनुक्रमे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडच्या देशांतर्गत शर्यती झाल्या. त्यातला एक निकाल शोधा आणि चौथ्यापासून दहाव्यापर्यंतची नावं उतरवून काढा. मग रुकाच्या तिन्ही दिवसांत त्यातली किती नावं पहिल्या वीसमध्ये दिसतात ते मोजा. शेजारच्या पानावर तुमच्या दुकानातली कामं लिहा, बिलिंग, खरेदी, उधारी वसुली, शाळांची ऑर्डर, जे काही असेल ते, आणि प्रत्येकासमोर ते काम येणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, उगाच बायकोचं किंवा भावाचं नाव घालू नका. रविवारच्या बॅचला दोन्ही पानं घेऊन या. माझं पान मी आधी दाखवतो. त्यात होलसेल खरेदीसमोरचा रकाना अजून रिकामा आहे.